बाहेरगावच्यांचा कन्नडचा तास

जे. पी. नगर, बेंगळूर
फेब्रुवारी १९९७

प्रिय रघु,

निकाल लागला की त्याच दिवशी कळव, असं तू बजावलं होतंस. निकाल लागला आहे. तो मी शेवटी सांगणार आहे. कुठलंही पत्र आलं की आधी शेवटचं पान उलटायची तुझी खोड मला माहीत आहे, म्हणून सांगून ठेवते, या वेळी तसं केलंस तर तुला निकाल कळेल आणि बाकी काही कळणार नाही. फोन करता आला असता. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन मी उभीही राहिले होते. पण फोनवर तू ऐकत नाहीस, नुसतं बोलतोस, आणि राग आला की ठेवून देतोस. पत्र फार तर फाडता येतं, पण त्याला मध्येच गप्प करता येत नाही.

जूनमध्ये तुझ्या शेडमध्ये, एका अर्धवट बांधलेल्या बसच्या पायरीवर बसून आपण जे ठरवलं ते मी विसरलेले नाही. भव्याला इंजिनियरिंगला घालायला तू तयार नव्हतास. मुलीची जात, त्यातून चित्रदुर्गच्या कन्नड शाळेत शिकलेली, त्यातून दावणगेरेचे ते स्थळवाले आपल्या होकारासाठी टपून बसलेले. मी तीन दिवस तुझं डोकं खाल्लं तेव्हा कुठं तू कबूल झालास, आणि तेही अट घालून. एका जरी विषयात नापास झाली तर ट्रंक उचलून घरी यायचं आणि दावणगेरेला होकार कळवायचा. मी म्हटलं, कबूल. भव्या तिथंच दारात उभी होती. तिनंही मान हलवून कबुलीचं "सरी, अप्पा" म्हटलं. म्हणजे शब्द तिघांचा होता. हे एवढं आधी लिहून टाकते, म्हणजे अक्का विषय टाळते आहे असं तुला वाटायला नको.

आता माझं ऐक. तुला ठाऊक आहे, टेलिफोन कारखान्याच्या कर्मचारी विभागात सगळा जन्म काढलेल्या बाईला कुठल्याही ऑफिसबद्दल चांगलं लिहायला हात उचलत नाही. मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेली आहे, तिथून माणसाला कसं परत पाठवतात हे मला शिकवायला नको. त्यामुळे के. आर. पुरमच्या पुढं होसकोटेच्या वाटेवर एक नवं तंत्रविद्यापीठ निघालं आहे आणि तिथं विद्यार्थ्यांची फार काळजी घेतात, असं लोक सांगायला लागले तेव्हा मी मनात म्हटलं होतं, बघू. स्थानिक पालक म्हणून सही करायला पहिल्या दिवशी गेले तेव्हाही मी खोट शोधतच हिंडले. वसतिगृहात पाणी होतं. डॉक्टरीण खरंच जागेवर होती. ड्रॉइंग हॉल संध्याकाळी मुलांसाठी उघडा ठेवतात असं सांगितलं होतं, तर तो खरंच उघडा होता आणि आत मुलं वाकून रेघा मारत होती. वर्कशॉपमध्ये मुलीसुद्धा कानस घेऊन लोखंड घासत होत्या, आणि मास्तर त्यांना मुलांच्याच आवाजात ओरडत होते, हे मला विशेष आवडलं. शाखा म्हणे पहिल्या दिवशी ठरवायची नाही. वर्षभर सगळ्यांनी सगळं शिकायचं, सगळ्या खात्यांतून हिंडून यायचं, मग ठरवायचं कोण कुठं जाणार. कॉफी तेवढी वाईट होती. ते मी तिथल्या तिथं सांगितलं.

मग नोव्हेंबरात भव्या रविवारी घरी आली आणि जेवता जेवता सहज बोलून गेली की बुधवारी चारला तिचा कन्नडचा तास असतो. मी विचारलं, कसला कन्नडचा. तर म्हणाली, बाहेरगावच्या मुलांना कन्नड शिकवतात, सक्तीचा आहे, त्यात मलाही घातलंय. प्रवेशाच्या वेळी मातृभाषा विचारली तेव्हा तिनं इमानानं मराठी सांगितलं होतं, आणि त्या शहाण्या ऑफिसनं मराठी म्हणजे महाराष्ट्रातली असं धरून तिला पाटण्याच्या आणि कानपूरच्या पोरांशेजारी बसवून "इदु मने, इदु मर" शिकवायला घेतलं होतं. हे घर, हे झाड. आपल्या भव्याला. जी झोपेत कन्नड बडबडते. रघु, आपली माणसं शहाजीराजांच्या फौजेबरोबर या गावात आली. त्यांच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड हे इतक्या पिढ्यांचं झालं आहे की कुठल्या भाषेत हसावं आणि कुठल्या भाषेत भांडावं हे आपल्याला विचार करून ठरवावं लागत नाही. आणि हे आपल्याला पाहुणे ठरवणार. मी भव्याला विचारलं, तू सांगितलं का नाहीस. तिनं ताटाकडं बघत नुसतं "राहू दे, आत्या" म्हटलं. मला वाटलं पोरगी बुजली. तुझी मुलगी, आणि बुजली, याचाच मला जास्त राग आला.

सोमवारी मी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून निघाले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या, इंग्रजीत भांडणं आणि भांडताना आवाज खाली ठेवणं. दोन्हींची बसमध्ये उजळणी केली. तिथं पोचून समोर दिसली त्या टायपिस्ट मुलीला मी विचारलं, विद्यार्थी कल्याणचे प्रमुख कुठं बसतात. ती उठली, टायपरायटरवर कापड घातलं आणि माझ्याबरोबर चालायला लागली. मला वाटलं, मला बाहेर काढताहेत. मी चालता चालताच तिला ऐकवायला सुरुवात केली. तर ती शांतपणे म्हणाली, अम्मा, इथं तसाच नियम आहे. कुणी काही विचारलं की ज्याला पहिल्यांदा विचारलं त्यानं बरोबर जायचं, काम होईपर्यंत. खिडकी दाखवून द्यायची नाही. मी कारखान्यात किती जणांना खिडक्या दाखवल्या असतील ते मनात येऊन माझा राग जरा उतरला. पण जराच.

प्रमुख म्हणजे भीमाचार्य नावाचे प्राध्यापक, कपाळावर उभी रेघ, बाहीवर खडूची पावडर, शिकवतात ड्रॉइंग. मी बसले आणि सुरू केलं. शहाजीराजांपासून केलं. सतराव्या शतकातून मी अठराव्यात आले तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं, आणि एकोणिसाव्यात आले तेव्हा चष्मा काढून ठेवला, पण मध्ये बोलले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाले, चूक आमची आहे, आत्ता दुरुस्त करतो. कारण सांगितलं नाही, सबब सांगितली नाही, अर्ज करा म्हणाले नाहीत. माझ्याकडं अजून निम्मं भांडण शिल्लक होतं, ते तसंच वाया गेलं. त्यांनी एवढंच म्हटलं की मुलगी मोठी आहे, तिच्यासमोर करू. आणि कन्नड शिकवणाऱ्या गुंडो मास्तरांना आणि भव्याला बोलावून घेतलं. टायपिस्ट मुलगीच गेली बोलवायला. ती अजून दारात उभीच होती.

भव्या आली. भीमाचार्यांनी तिला कन्नडमध्ये सांगितलं की तुझ्या आत्या म्हणतात ते बरोबर आहे, तुझं नाव त्या वर्गातून कमी करतो. मला वाटलं आता पोरीचा चेहरा उजळेल. ती माझ्याकडं वळली आणि मराठीत म्हणाली, "आत्या, माझं नाव काढू नका. दिवसभरात तेवढा एकच तास मी हुशार असते."

हे वाक्य तू पुन्हा एकदा वाच.

मग हळूहळू कळलं. आपली पोर बारावीपर्यंत सगळं कन्नडमध्ये शिकलेली. इथं फळ्यावर इंग्रजी, पुस्तकात इंग्रजी, आणि मास्तर एवढ्या भरभर बोलणार की ती नुसतं उतरवून घेत होती. शब्दन् शब्द उतरवायची आणि अर्थ एकाचाही लागत नव्हता. मला सांगितलं नाही, कारण मी कॉन्व्हेंटची, मला काय वाटेल. तुला सांगितलं नाही, कारण तुझी अट. या वर्गात मात्र तिला सगळं येत होतं, आणि बाकीच्यांना काहीच येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात गुंडो मास्तरांच्या लक्षात आलं होतं की ही पोरगी चुकून आली आहे. ते धारवाडकडचे, भव्याच्या पहिल्याच वाक्यात त्यांना काय ते कळलं. त्यांनी तिला परत पाठवलं नाही. उलट वर्गाची रीतच बदलली. अर्धा तास भाषा, आणि उरलेल्या अर्ध्या तासात एकेकानं उभं राहून आज बाकीच्या तासांना जे शिकलो ते कन्नडमध्ये सांगायचं. भौतिकशास्त्र, यंत्रशास्त्र, काहीही. चुकलं की भव्या दुरुस्त करणार.

मी त्या बुधवारी पुन्हा गेले आणि मागच्या बाकावर बसले. मला बघायचंच होतं. पाटण्याचा एक उंच मुलगा उभा राहिला. त्याला जडत्व सांगायचं होतं, आणि जवळ कन्नडचे शब्द होते मूठभर. इंग्रजीत त्यानं पानभर व्याख्या म्हणून दाखवली असती. इथं व्याख्या म्हणता येईना. हातवारे करत, घाम पुसत शेवटी म्हणाला, "बस् निल्लुत्ते, नानु निल्लल्ल." बस थांबते, मी थांबत नाही. सगळा वर्ग हसला. भव्या हसली नाही. तिनं पेन खाली ठेवलं. तिच्याकडं बघत होते म्हणून सांगते, उतरवून घेतलेल्या त्या सगळ्या पानांचा अर्थ तिला त्या क्षणी लागला. त्या मुलाला शब्द कमी पडत होते म्हणून त्याला सोपं सांगावं लागलं, आणि तो सोपं बोलला म्हणून हिला समजलं. मी आयुष्यात पुष्कळ चांगल्या शाळा पाहिल्या, एकीत तर मी स्वतः शिकले. तिथं असं काही मी पाहिलं नव्हतं.

पुढचं तुझ्यासाठी आहे. भव्या उठून फळ्याशी गेली. म्हणाली, बसचंच सांगते. आणि एका रेघेत बस काढली, शेडमध्ये तू जमिनीवर खडूनं काढतोस तशी, चाकांपासून वर. मग टपावर सामान काढलं, पोत्यांवर पोती, आणि वळण काढलं. आपले अप्पा टपावरची जाळी कधी उंच करून देत नाहीत, मालक कितीही भांडला तरी, असं तिनं सांगितलं. गाडीचं वजन जितकं वर जाईल तितकी ती वळणावर आडवी व्हायला बघते, आणि आपले अप्पा हे कुठल्या शाळेत शिकले नाहीत, त्यांनी आडव्या झालेल्या गाड्या सरळ केल्या आहेत. कानपूरचा एक जण पटकन म्हणाला, अरे, हे आपण परवाच्या तासाला शिकलो, आणि इंग्रजी नाव सांगितलं. भव्यानं ते नाव बसच्या शेजारी लिहून घेतलं. आधी गोष्ट, मग नाव. त्या वर्गात तुझा उल्लेख झाला, रघु, आणि तुला पत्ताही नाही. तू तिथं टपाच्या जाळीवरून कुणाशी तरी भांडत असशील.

त्याच वर्गात ईरा नावाची मुलगी आहे, पुण्याची, भव्याची खोलीतली सोबतीण. तिच्या मराठीत दर दोन शब्दांमागं एक इंग्रजी. तास सुटल्यावर ती माझ्याशी बोलायला आली आणि म्हणाली, तुमचं मराठी ॲक्च्युअली किती क्यूट आहे, कुठं शिकलात. मी म्हटलं, येताना बरोबर आणलं होतं, तुमचं वाटेत कुठं सांडलं ते बघ. पोरगी खळखळून हसली, आणि तेव्हापासून मला मानते. गणित ती भव्याला शिकवते, बदल्यात भव्या तिला रिक्षावाल्याशी भांडायला शिकवते. "स्वल्प कम्मि माडि", थोडं कमी करा, एवढं तिला आता चांगलं जमतं. एकदा दोघी माझ्याकडं आल्या होत्या. भव्या काहीतरी इंग्रजीत वाचत होती, अडखळत, पण वाचत होती, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. मी दुरुस्त केलं नाही. हे माझ्याच्यानं कसं झालं ते मला विचारू नकोस.

आणखी एक रीत सांगते आणि मग निकालावर येते. तिथं नापास मुलांची नावं बोर्डावर लावत नाहीत. पास झालेल्यांची लावतात. ज्यांचं काही राहिलं त्यांना त्यांचे मास्तर आधीच बोलावून घेतात, दार लावून समोर बसवून सांगतात, आणि नुसतं सांगून सोडत नाहीत, पुढं काय करायचं तेही तिथंच ठरवून देतात. पुन्हा परीक्षा कधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत जादा वर्ग कुणाचा, वसतिगृहात राहायची सोय कशी. राहिलेला विषय घेऊन पुढच्या सहामाहीत बसता येतं, वर्ष जात नाही. आमच्या कारखान्यात चुकलेल्या माणसाला मेमो मिळायचा. त्यावर पुढं काय करायचं हे कधी लिहिलेलं नसायचं.

तर निकाल. भव्या ड्रॉइंगमध्ये वर आली आहे, वर्कशॉपमध्ये पहिल्या काही मुलांत आहे, भौतिकशास्त्र आणि यंत्रशास्त्र दोन्ही चांगले सुटले. गणितात नापास झाली आहे. काल दुपारी ती माझ्या दारात आली ती ट्रंक घेऊनच. भीमाचार्यांनी तिला सगळं नीट समजावलं होतं, पुढचं सगळं ठरवूनही दिलं होतं. तिनं ऐकून घेतलं, त्यांच्या पाया पडली, खोलीवर गेली आणि सामान बांधलं. ईरा रडली, तरी बांधलं. रात्रीच्या गाडीनं चित्रदुर्गला निघते म्हणाली. मी वेड्यासारखी भांडले तिच्याशी, पहिल्यांदाच. ती एवढंच म्हणाली, "मी अप्पांना सरी म्हटलं होतं, आत्या." डोळ्यांत पाणी नव्हतं. तू गाडीचा सौदा मोडत नाहीस ना, तोटा झाला तरी, तसा तिचा चेहरा होता. मी तिला जेवायला वाढलं. मग रिक्षा बोलावली, ट्रंक आत घातली, तिला आत घातलं आणि वसतिगृहावर नेऊन सोडलं. उन्हाळ्याच्या वर्गासाठी पालकाची सही हवी होती, ती मी केली. हे पत्र मी त्यासाठीच लिहिते आहे, रघु. तुझ्या मुलीनं शब्द पाळला आहे, ती घरी यायला निघाली होती. तिला मी अडवलं. शब्द मोडला असेल तर तो मी मोडला आहे, तेव्हा राग काढायचा तो इकडं जे. पी. नगरला काढ, तिच्यावर एक अक्षर नको. दावणगेरेच्या लोकांना मी काही कळवलेलं नाही, त्यांना नाही म्हणायचं काम बापाचं असतं. आणि तिला न्यायला यायचंच असेल तर जरूर ये, मी अडवायला येणार नाही. फक्त बुधवारी ये, चारच्या आत, आणि तास संपेपर्यंत मागच्या बाकावर बस. त्यानंतर तुला जे करायचं ते कर.

तुझीच, आणि या बाबतीत तुझ्या मुलीची जास्त,
सोयरक्का